भिवंडीतले छोटे यंत्रमाग सौरऊर्जेवर आणायचे, तर सुरुवात कुठून करावी?

ताणाबाणा (भिवंडी) यांचा प्रश्न:

नमस्कार. नारपोलीच्या बाजूला आमचा ४८ साध्या मागांचा कारखाना आहे. वडिलांनी तो उभा केला आणि आता हिशेब, बिले व व्यापाऱ्यांशी बोलणे ही कामे माझ्याकडे आहेत. आम्ही आणि आसपासचे इतर २१ यंत्रमागधारक एकाच निर्यातदार व्यापाऱ्यासाठी मजुरीवर ग्रे (न रंगवलेले) कापड विणतो. सूत त्याचे, विणाई आमची. गेल्या महिन्यात त्याच्या कार्यालयातून एक तक्ता आला. त्यात दरमहा किती वीज वापरता, त्यातून किती कार्बन उत्सर्जन होते आणि पुढील तीन वर्षांत ते ३० टक्क्यांनी कसे कमी करणार, हे भरून मागितले आहे. फोनवर त्यांनी एवढेच सांगितले की सोलर बसवा म्हणजे प्रश्न मिटेल.

तेव्हापासून पॅनेल विकणारे तीन जण येऊन गेले. तिघांच्याही कागदावर वेगवेगळे आकडे आहेत, मात्र साडेतीन वर्षांत पैसे वसूल होतील हे वाक्य तिन्हीकडे सारखे आहे. एकाने तर कार्बन क्रेडिट (टाळलेल्या उत्सर्जनाचे विकता येणारे प्रमाणपत्र) विकून वर्षाला उत्पन्न मिळेल, असेही सांगितले. आमचा मंजूर भार ५४ अश्वशक्ती असून दोन पाळ्यांत मिळून महिन्याला साधारण १५,००० युनिट वीज लागते. शेडचे छप्पर सुमारे ५,००० चौरस फूट आहे. २२ जणांपैकी १३ जणांचे गाळे भाड्याचे आहेत. पूर्वी सरकारने मागांसाठी सोलरचे अनुदान दिले होते, म्हणून काही जण अजून त्याचीच वाट पाहत आहेत. या सगळ्यांना एकत्र घेऊन हे काम करायचे असेल, तर पहिले पाऊल कोणते, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त विद्युत अभियंता (ठाणे) यांचे उत्तर:

आपण आकडे दिलेत, त्यामुळे बोलणे सोपे झाले. माझी नोकरी वीज वितरणातच गेली आणि मागांच्या शेडमध्ये मीटर तपासायला मी अनेक वर्षे फिरलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या भागात एक किलोवॅट पॅनेलमधून वर्षाला साधारण १,४०० युनिट मिळतात, म्हणजे दिवसाची सरासरी चार युनिटांच्या आतबाहेर राहते. कोणी बाराही महिने रोज पाच युनिट धरून हिशेब दाखवत असेल, तर त्याने जुलै आणि ऑगस्टमधले ठाण्याचे आभाळ पाहिलेले नाही. एका किलोवॅटला ८० ते १०० चौरस फूट जागा लागते. आपले छप्पर ५,००० चौरस फुटांचे असले, तरी उतरत्या पत्र्याची उत्तरेकडची बाजू, उजेडाचे पत्रे, पाण्याची टाकी, तिची सावली आणि माणसाला फिरण्यासाठीची वाट वगळल्यास ३० किलोवॅटच्या पुढे जाणे कठीण आहे. तीस किलोवॅट म्हणजे वर्षाला ४२,००० युनिट. आपला वापर वर्षाला १,८०,००० युनिटांचा आहे. म्हणजे छप्पर पूर्ण भरूनही आपली २३ टक्केच वीज सूर्याची होईल, कारण माग रात्रीही चालतो आणि सूर्य चालत नाही. ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. त्या हिशेबाने आपले वर्षाचे उत्सर्जन १२६ टन होते आणि त्यातले २९ टन वाचतील.

आता पैशांचे पाहू. पॅनेलने वाचवलेल्या युनिटची किंमत म्हणजे सवलत वजा केल्यावर आपण त्या युनिटसाठी प्रत्यक्षात जे मोजतो ती रक्कम. यंत्रमागांना वेगळा दर आणि शासनाची वीज सवलत असते, आणि २७ अश्वशक्तीच्या आत किंवा बाहेर असण्यावर ती बदलते. विक्रेत्यांच्या कागदावर बहुधा मोठ्या उद्योगाचा दर धरलेला असतो. समजा ३० किलोवॅटला १४ लाख रुपये लागले. युनिटला नऊ रुपये धरले तर वर्षाला पावणेचार लाख वाचतात आणि चार वर्षांच्या आत पैसे वसूल होतात. पाच रुपये धरले तर दोन लाख दहा हजार वाचतात आणि तोच काळ पावणेसात वर्षांवर जातो. दोन्ही हिशेब गणित म्हणून बरोबरच आहेत, म्हणून तीन विक्रेत्यांशी घासाघीस करण्याआधी मागची बारा बिले समोर ठेवा, त्यातली सवलतीची ओळ शोधा आणि निव्वळ दर काढा.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. केंद्राच्या २०२३ च्या सुधारित नियमांनी १० किलोवॅटपुढील औद्योगिक आणि व्यावसायिक ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२४ पासून वेळेनुसार दर आणण्याचे ठरवले. सौर तासांतली वीज नेहमीपेक्षा किमान २० टक्के स्वस्त आणि सर्वाधिक मागणीच्या वेळची महाग. आपले पॅनेल वीज बनवणार ती नेमकी स्वस्त तासांत. आपल्या बिलावर वेळेचे टप्पे लागू असतील, तर हिशेबात दिवसाचा दर धरा, सरासरी दर धरू नका.

नेट मीटरिंगची, म्हणजे जादा वीज ग्रिडला देऊन ती बिलात वळती करून घेण्याची, आपल्याला फारशी चिंता नको. दिवसा माग चालू असताना आपला भार सरासरी २४ किलोवॅट असेल आणि तीस किलोवॅटचा संच भर दुपारी साधारण तेवढेच देईल, त्यामुळे बहुतेक वीज शेडमध्येच संपेल. प्रश्न येतो तो मे महिन्यात. कारागीर गावाकडे जातात, निम्मे माग थांबतात आणि ऊन मात्र तेव्हाच सर्वाधिक असते. ती जादा वीज ग्रिडला जाऊन पुढच्या बिलात वळती होते. आर्थिक वर्षाच्या अखेरीस उरलेल्या युनिटांना मात्र कमी भाव मिळतो. म्हणून संच गरजेपेक्षा मोठा करू नये.

वीज गेली की ग्रिडला जोडलेला संचही बंद पडतो, हे सर्वांना आधीच सांगून ठेवा. लाइनवर काम करणाऱ्या माणसाच्या सुरक्षिततेसाठी इन्व्हर्टरमध्ये तशी व्यवस्था असते. भारनियमनात माग सोलरवर चालतील, अशा समजुतीने पैसे भरलेले लोक मला भेटले आहेत.

शेवटचे सांगतो, पण माझ्या मते हे पहिले करण्याचे काम आहे. पॅनेलच्या आधी मोटरी तपासा. एका अश्वशक्तीच्या चार ध्रुवांच्या मोटरीत आयई-१ वर्गाची कार्यक्षमता ७२.१ टक्के, तर आयई-३ वर्गाची ८२.५ टक्के असते. त्याच कामाला साडेबारा टक्के वीज कमी लागते, आणि तीही दिवसरात्र. आपल्याकडच्या मोटरी तीन-तीन वेळा रिवाइंड केलेल्या असतात, त्या आयई-१ च्याही खाली असण्याची शक्यता आहे. मागाला सुरू होताना जोर जास्त लागतो, त्यामुळे बाजारातली कोणतीही मोटर चालत नाही, मागासाठी बनवलेलीच घ्यावी लागते. एका दुपारी क्लॅम्प मीटर घेऊन ४८ मागांचे अँपिअर वहीत लिहा. एकाच जातीचे कापड चालू असताना एक माग दुसऱ्यापेक्षा दीडपट करंट घेत असेल, तर पैसे कुठे जातात ते तिथेच दिसेल. कधी मोटर असते, कधी कोरडे बेअरिंग, कधी नुसता ओढून बसवलेला पट्टा.

छप्परकाम (कळवा) यांचे उत्तर:

साहेबांनी विजेचे सांगितले, मी पत्र्याचे सांगतो. भिवंडीतल्या जुन्या शेडवर अजून सिमेंटचे पत्रे आहेत आणि त्यांच्यावर पॅनेल बसवू नयेत. ते पत्रे जुने झाले की ठिसूळ होतात, छिद्र पाडताना उडणारी ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना घातक असते, आणि त्यावर माणूस उभा राहिला तर पत्रा कधी फुटेल याचा नेम नसतो. आमचाच एक मुलगा अशा एका शेडवर फक्त माप घ्यायला चढला होता. त्याचा पाय पत्र्यातून मांडीपर्यंत खाली गेला. खाली माग चालू होता, पण कैचीच्या (छपराच्या त्रिकोणी आधाराच्या) आडव्या पाइपला धरून तो लोंबकळला म्हणून वाचला. त्या दिवसापासून फळी टाकल्याशिवाय आणि कमरेला दोर बांधल्याशिवाय मी कोणालाही वर चढू देत नाही.

पॅनेलचे वजन फार नसते, सांगाड्यासकट चौरस मीटरला १५ ते २० किलोच्या आसपास. धोका वाऱ्याचा असतो, कारण पावसाळ्यातला वारा पॅनेल खाली दाबण्यापेक्षा वर उचलायला पाहतो. म्हणून कैची, पर्लिन (पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या) आणि भिंतीतले अँकर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून त्याची सही असलेला कागद घ्या. पत्रा बदलायचाच असेल तर तो खर्च सोलरच्या खर्चात मिसळून दाखवू नका. नवा पत्रा तसाही लागणारच होता, हे मालकाला वेगळे समजले पाहिजे.

मागांच्या शेडमधून उडणारी रुई बाहेरही जाते. ती गोदामांच्या ट्रकांच्या धुळीत मिसळली की पॅनेलवर नमद्यासारखा थर बसतो आणि नुसत्या पाण्याने तो निघत नाही. त्यासाठी मऊ ब्रश, दर पंधरा दिवसांची फेरी आणि छपरावर पाण्याचा नळ एवढी सोय पहिल्याच कोटेशनमध्ये मागून घ्या. डीसीच्या केबली शेडच्या आतून नेऊ नका. ढिल्या जोडावर ठिणगी पडली आणि बाजूला रुई असली, तर पुढचे सांगायला नको.

प्रोसेस हाऊस (रबाळे) यांचे उत्तर:

थोडे बाजूचे वाटेल, पण आपल्या व्यापाऱ्याच्या तक्त्याशी याचा थेट संबंध आहे. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रंगाई कारखान्यात देखभाल पाहतो. आमच्याही छपरावर १०० किलोवॅट बसले आहेत आणि पाहुण्यांना आम्ही ते हौसेने दाखवतो. त्यातून वर्षाला साधारण १,४०,००० युनिट मिळतात, म्हणजे सुमारे १०० टन उत्सर्जन टळते. आता हा आकडा बॉयलरशेजारी ठेवून पाहा. दिवसाला आठ टन कोळसा जाळणारा कारखाना धरला आणि टनामागे पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइड धरला, तर रोजचे १४ टन होतात. म्हणजे छपरावरच्या पॅनेलची वर्षभराची कमाई बॉयलर एका आठवड्यात धुरातून घालवतो. रंगाई, स्टेंटर (कापड ताणून सुकवणारे यंत्र), सुकवणी या सगळ्यांना लागते ती उष्णता, आणि वीज हा आमच्या ऊर्जेचा लहान हिस्सा आहे.

म्हणून आमच्याकडे खरा फरक पडला तो स्टीम ट्रॅप (वाफेच्या पाइपातले पाणी बाहेर काढणारे व्हॉल्व्ह) दुरुस्त केल्याने, उघड्या पाइपांना लॅगिंग (उष्णतारोधक आवरण) केल्याने आणि गटारात जाणारे कंडेन्सेट (वाफेचे झालेले गरम पाणी) टाकीत परत आणल्याने. बॉयलरच्या पाण्याचे तापमान सहा अंशांनी वाढले की इंधन साधारण एक टक्क्याने वाचते. छपरावर पाणी तापवणारे सौर संच लावून ३० अंशांचे पाणी ६६ अंशांवर आणले, तर सुमारे सहा टक्के इंधन वाचू शकते, आणि छपराच्या जागेचा हा वापर विजेच्या पॅनेलपेक्षा आमच्या कामाला अधिक उपयोगी आहे.

विणाईत मात्र तसे नाही. आपल्याकडे जवळजवळ सगळी ऊर्जा विजेची, म्हणून पॅनेलचा परिणाम आपल्या तक्त्यात स्वच्छ दिसेल. फक्त बीम (ताण्याचे धागे गुंडाळलेले रूळ) जिथून येतात त्या सायझिंगचा, म्हणजे धाग्यांना खळ लावणाऱ्या कारखान्याचा, बॉयलर आपल्या आकड्यात धरलेला नाही ना, हे व्यापाऱ्याला विचारून घ्या.

हिशेबनीस (वाशी) यांचे उत्तर:

अनुदानाबद्दलचा गैरसमज आधी दूर करतो. पॉवरटेक्स इंडिया योजनेचा शुभारंभ १ एप्रिल २०१७ रोजी भिवंडीतच झाला होता आणि तीत आठ मागांपर्यंतच्या कारखान्यांना सौर संचासाठी साहाय्य होते. सर्वसाधारण गटाला मूळ खर्चाच्या निम्मे. आपले शेजारी बहुधा तीच आठवण सांगत असावेत. ती योजना संपली. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेली पीएम सूर्यघर योजना घरांसाठी आहे, कारखान्याला ती लागू नाही.

वसुलीचा काळ कमी करणाऱ्या दोन गोष्टी मात्र आहेत. सौर उपकरणांवरचा वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ ऐवजी ५ टक्के झाला आहे. दुसरी म्हणजे आयकरात ४० टक्के दराने मिळणारा घसारा. परंतु तो ज्याची वहीखाती नीट आहेत आणि ज्याला कर भरण्याएवढा नफा आहे, त्याच्याच उपयोगाचा. आयकरात ठोक अंदाजित उत्पन्न दाखवणाऱ्या छोट्या मागवाल्याला घसारा वेगळा मिळत नाही, आणि विक्रेत्याच्या कागदात तो हमखास जोडलेला असतो.

भाड्याच्या गाळ्यांचा प्रश्न मला सर्वांत कठीण वाटतो. पॅनेल २५ वर्षांचे आणि भाडेकरार ११ महिन्यांचा किंवा तीन वर्षांचा. छप्पर मालकाचे, बिल भाडेकरूचे, आणि अनेकदा मीटरही मालकाच्या नावावर, तर नेट मीटरिंगचा अर्ज मीटर ज्याच्या नावावर त्यालाच करावा लागतो. मालकाने खर्च करून युनिटमागे ठरावीक दर भाडेकरूकडून घ्यावा, किंवा तिसऱ्या कंपनीने संच बसवून वीज विकावी, हे मार्ग आहेत; परंतु मालक बदलला, गाळा रिकामा झाला किंवा माग भंगारात गेले तर काय, हे करारात आधी लिहिले पाहिजे.

कोणी बाहेरून सोलरची वीज आणून देतो म्हणाले, तर लक्षात ठेवा की २०२२ च्या हरित ऊर्जा खुल्या प्रवेशाच्या (दुसऱ्या उत्पादकाकडून वीज घेण्याच्या) नियमांनी त्यासाठी लागणाऱ्या भाराची किमान मर्यादा एक मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली, पण ५४ अश्वशक्तीचा ग्राहक त्याच्याही खूप खाली आहे. सामायिक कॅप्टिव्ह (स्वतःच्या वापरासाठीच्या) प्रकल्पात ग्राहकांनी मिळून किमान २६ टक्के मालकी ठेवून निर्मितीच्या किमान ५१ टक्के वीज वापरायची असते. त्याने क्रॉस सबसिडी अधिभार (इतर ग्राहकांच्या सवलतीसाठी लावलेला आकार) वाचतो. हा रस्ता रबाळ्याच्या मित्रांसारख्यांसाठी आहे. कार्बन क्रेडिटचे म्हणाल तर वर्षाला २९ टनांची पडताळणी करून घेण्याचा खर्चच उत्पन्नापेक्षा जास्त होईल.

ताणाबाणा (भिवंडी):

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे २२ जणांकडे फिरून बिले गोळा केली, म्हणून उत्तराला उशीर झाला. गटाचा एकूण वापर महिन्याला २,६०,००० युनिटांचा निघाला. स्वतःचे गाळे असलेल्या नऊ जणांपैकी चौघांकडे सिमेंटचे पत्रे आहेत आणि दोघांच्या छपरावर शेजारच्या उंच गोदामाची सावली दुपारी दोननंतर येते. भाड्याच्या १३ पैकी ११ ठिकाणी मीटर मालकाच्या नावावर आहे. थोडक्यात, आज पॅनेल बसू शकतील असे तीनच कारखाने, आमचा धरून मिळून ८५ किलोवॅट. त्यातून महिन्याला ९,९०० युनिट मिळतील, म्हणजे गटाच्या वापराच्या चार टक्क्यांहून कमी.

क्लॅम्प मीटर लावून आमचेच ४८ माग तपासले. २५ मोटरी शेजारच्या मागापेक्षा स्पष्टपणे जास्त करंट घेतात. त्यांपैकी सात ठिकाणी पट्टा सैल केल्याबरोबर काटा खाली आला. बाकीच्या मोटरींवरची पाटीच गेलेली आहे, त्यामुळे वर्ग कोणता ते सांगता येत नाही. आता अडचण अशी की व्यापाऱ्याच्या तक्त्यात ३० टक्क्यांचा रकाना आहे आणि माझ्याकडे चार टक्के आहेत. काय लिहावे?

निवृत्त विद्युत अभियंता (ठाणे):

जे आहे तेच लिहा, पण दोन ओळींत लिहा. गटातल्या निम्म्या मोटरी बदलण्याजोग्या निघाल्या, तर साडेबारा टक्क्यांच्या निम्मे, म्हणजे सुमारे सहा टक्के वीज वाचेल; २,६०,००० मधले १५,६०० युनिट. तीन छपरांवरच्या पॅनेलपेक्षा हा आकडा मोठा आहे आणि यात भाड्याचे १३ जणही सामील होऊ शकतात, कारण मोटर त्यांची स्वतःची आहे. पहिल्या ओळीत मोटरींचे सहा टक्के, दुसऱ्या ओळीत पॅनेलचे चार टक्के. बेरीज दहा होते, ती दहाच ठेवा.

तिसऱ्या वर्षाच्या रकान्यात सिमेंटचे पत्रे बदलल्यास मिळणारी चार छपरे दाखवा. ती साधारण १२० किलोवॅट झाली, तर आणखी पाच टक्के मिळतील. मात्र समोर स्पष्ट लिहा की पत्रे बदलण्याचा खर्च मजुरीच्या सध्याच्या दरातून निघत नाही. आकडा मागणाऱ्याची दर पिकामागे (पीक म्हणजे विणाईतला आडवा धागा, त्यावर मजुरी ठरते) काही पैसे वाढवून द्यायची तयारी आहे का, हेही त्याच कागदावर विचारलेले बरे. आपल्या ४८ मागांचे अँपिअर आणि बारा बिलांच्या प्रती सोबत जोडा.

आणि ते सात पट्टे पुन्हा आवळले जाणार नाहीत, एवढे जॉबरला (माग जुळवणाऱ्या कारागिराला) समोर बसवून सांगा. माग घसरतो म्हणून तो ते आठ दिवसांत परत ओढून बसवेल.